खाडा

दुधाच्या वहीत आई खाडा मांडते.
ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्या तारखेपुढे फुली,
महिनाअखेरी यादवशी हुज्जत घालायला पुरावा.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत
आमच्या टीव्हीखालच्या खणात ती वही अजून आहे.
गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत दहा तारखेपासून फुल्या,
मार्चचं पान तर शिवणीसारखं.
त्या दिवसांत मी कुठे होते, मला ठाऊक नाही.

फुल्यांच्या आधीपासूनच, कडेच्या मोकळ्या जागेत,
आईचं बारीक अक्षर:
"तेजल रात्रभर जागी. म्हणते, पंखा नाव घेतोय."
"कॉलेजातून फोन. बाईंना शिव्या दिल्या. आमची तेजल?"
"आज मला अहो-जाहो केलं."
"जिभेने काहीतरी शोधते सारखी. ओठ चावून रक्त. बोळा ठेवला."

मी वाचते, शेजारणीच्या पोरीचं वाचावं तसं.

आत्या म्हणाली, बाहेरचं आहे;
पाटणहून अंगारा आला, एसटीच्या पार्सलात.
पहिल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या,
दुसऱ्यांनी आईला बाहेर बसवून बाबांना विचारलं,
मुलीचं कुठे काही जुळलंय का?
मेंदूचा फोटो स्वच्छ आला.
स्वच्छ आला म्हणून सगळे जास्तच घाबरले.

नेरुळला एक डॉक्टरीणबाई होत्या,
माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात.
त्यांनी माझा हात उचलून सोडला
आणि हात तिथेच राहिला, हवेत, खुंटीसारखा.
त्या खुंटीकडे बघत म्हणाल्या,
पाठीतलं पाणी तपासू. आणि पोटाची सोनोग्राफी.
"डोकं बिघडलंय तर पोट कशाला?"
हे आईने वहीत लिहिलंय. तोंडाने विचारलं नसणार.

डाव्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ.
गाठीत केस, अर्धवट दात,
आणि चिमूटभर मेंदू,
कुणाचाच नसलेला.
शरीराने त्याला परका समजून हत्यारं घडवली.
हत्यारं रक्तातून वर गेली,
वरही त्यांना तसंच काहीतरी दिसलं.
तिथे मी राहत होते.

बाबांनी जन्मभर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली.
ऑपरेशननंतर त्यांनी एकच विचारलं,
वजन किती भरलं?
साठ ग्रॅम.
बराच वेळ जिन्यात बसून होते म्हणे.
रक्तातलं पाणी बदलायच्या पाच फेऱ्या लागल्या,
त्यांचे पैसे टोळीतल्या अकरा जणांनी वर्गणी काढून भरले.
साठ ग्रॅमची एवढी हमाली कुणी कधी ऐकली नव्हती.

मग वहीतली वाक्यं आखूड होत जातात.
"नजर फिरवली."
"पाणी गिळलं."
पानाच्या तळाशी, एकटंच: "'आई' म्हणाली. चार वाजून दहा."
त्याच्यापुढे ना तारीख, ना फुली.

एक ओळ मात्र तिने पेनने इतकी खोडलीय
की कागद फाटलाय.
मी ती ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली.
"देवा" वाचता येतं. शेवटचं "ने" वाचता येतं.
विचारलं नाही.
त्या संध्याकाळी तिने न सांगता माझे केस विंचरले,
टाळूवर अजून हळू हात फिरवते ती,
ताप बघितल्यासारखा.

एप्रिलच्या नऊ तारखेला फुली नाही.
"म्हैस, १ लि., अर्धा जास्त."

यादव दारातच म्हणाला होता, राहू दे ताई, त्या दिवसांचं काय मोजायचं.
पण हिशेब म्हणजे हिशेब.
आईने एकेका फुलीवर बोट ठेवून अठ्ठावन्न मोजले.
मी अधूनमधून वही काढते, बोट ठेवते, मोजते.
माझ्या मोजणीत एक कमीच भरतो.
मग पुन्हा दहा फेब्रुवारीपासून.